काकूंचा आवाज आणि माझे टॅग

आमची लालबागची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली आणि सगळे पांगले. कुणी काळाचौकीला भाड्याने गेलं, कुणी माटुंग्याला, कुणी मुलीकडे थेट डोंबिवलीला. आई आणि मी परळला दोन खोल्यांत आलो. तिथून माझं ऑफिस चालत जाण्यासारखं होतं, तेवढं एक सुख.

माझं काम फोनशी संबंधित आहे. एखाद्या कंपनीला फोन केला की 'मराठीसाठी एक दाबा' असं ऐकू येतं ना, त्यामागे टेलिफोनच्या यंत्रणेला दर वळणावर सांगावं लागतं की आता हे वाक्य बोल, आता थांब, बटण दाबलं का बघ, आता फोन अमक्याला जोड. हे सगळं टॅगमध्ये, म्हणजे कंसात घातलेल्या सूचनांमध्ये, लिहायचं. टॅग उघडला की बंद करायचा, कुठला टॅग कुणाच्या पोटात चालतो ते पाळायचं. हाताने लिहायला गेलं तर हमखास चुकतं, म्हणून असा मजकूर आपोआप नीट तयार करून देणारी एक कोड लायब्ररी आमच्याकडे आहे. ती मी सांभाळते. आईला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे फोनला डायलॉग लिहून देतेस." तेव्हापासून मीही पाहुण्यांना तसंच सांगते.

बिल्डरने नवा आराखडा पाठवला आणि त्यावर सर्व भाडेकरूंची सभा घ्यायचं ठरलं. ग्रुपवर निरोप टाकून उपयोग नव्हता. अर्ध्या घरांत साधे बटणांचे फोन, आणि ज्यांच्याकडे मोठे होते ते ग्रुपवर फक्त सुप्रभातची फुलं बघत. कमिटीचे सेक्रेटरी एकेकाला फोन करून थकले होते. मी उत्साहाने म्हटलं, "काका, माझ्यावर सोडा. एकाच वेळी सगळ्यांना फोन जाईल."

मी लायब्ररी वापरून कॉल तयार केला. यंत्राचा गुळगुळीत आवाज सभेची वेळ सांगायचा आणि म्हणायचा, येणार असाल तर एक दाबा. कॉल सोडले. बहुतेकांनी पहिल्या वाक्यालाच फोन ठेवला. थोड्या वेळाने तळमजल्यावरच्या, बँकेतून रिटायर झालेल्या काकांचा ग्रुपवर मेसेज आला: 'सावधान! या नंबरवरून फोन आल्यास उचलू नये. आपल्या चाळीचं नाव घेऊन फसवत आहेत.' खाली सगळ्यांचे हात जोडलेले. त्यात माझ्या आईचेही.

"अगं, तो माझाच नंबर आहे!" मी म्हटलं.

"मग तो बाप्या कोण बोलत होता?" आई म्हणाली. "आपल्यातला वाटला नाही."

तिचं बरोबर होतं. आपल्यातला आवाज हवा होता, आणि तो कुणाचा हे मला विचारावंही लागलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या मालवणी काकू! चाळीत पाणी आलं, मासेवाली आली, कुणाचं पोर जिन्यावरून पडलं, की काकू गॅलरीत उभ्या राहून एक हाक घालत आणि चारही मजले ऐकत.

काकू आता काळाचौकीला मुलाकडे होत्या. मी सोमवारी संध्याकाळी गेले. मोबाइल पुढे धरल्यावर त्या एकदम शाळेत भाषण करणाऱ्या मुलीसारख्या ताठ झाल्या आणि पुस्तकी बोलू लागल्या, "सर्व रहिवाशांना सविनय..."

"काकू, असं नको. गॅलरीत उभ्या आहात असं समजा."

"मगे आधी सांगूचा नाय?" त्या म्हणाल्या. पदर खोचला आणि सुरू झाल्या, "आयकलास मां? मी बोलतंय! रविवारी सकाळी सभा आसा. सगळ्यांनी येवचा. गुडघे दुखतत, लांब पडता, ह्या कायएक सांगू नकात!" शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं.

या वेळी नवीन नंबर घेतला. फोन कुणीच ठेवला नाही. पण बटणही कुणी दाबलं नाही, कारण सगळे काकूंशी बोलत बसले. यंत्र बिचारं एकच्या बटणाची वाट बघून कॉल बंद करत होतं. संध्याकाळी काकूंचा मला फोन आला. "चेडवा, लोक माका शिव्या घालतत. म्हणतत, तू बोलतंस आणि आमचा आयकायच्या आधी ठेवतंस!"

म्हणजे लोकांचं बोलणं रेकॉर्ड करायला हवं होतं. बटणाची वाट बघणाऱ्या टॅगच्या पोटात मी रेकॉर्डिंगचा टॅग घालून पाहिला, तर लायब्ररीने लाल अक्षरांत नकार दिला. तिथे तो चालत नाही. त्याच्यामागे ठेवला, तर मधल्या थांब्यात लोकांची पहिली वाक्यं वाया जात. शेवटी मी बटणच काढून टाकलं. काकूंचा आवाज संपला की एक टुंऽ, आणि लगेच रेकॉर्डिंग. काकूंनी शेवटी जोडलं, "टुं झाला की बोला, माका आयकूक येतला."

ती रेकॉर्डिंग्ज ऐकायला मी परत काळाचौकीला गेले. चहा आणि खाजा घेऊन आम्ही बसलो. कुणी येतो म्हणालं होतं, कुणी सुनेची तक्रार केली होती, एका आजींनी तिसळ्यांच्या एकशिपीची कृती विचारून उत्तराची वाट पाहिली होती. काकू प्रत्येकीला मोबाइलकडे बघून उत्तर देत होत्या. मग एक रेकॉर्डिंग लागलं, त्यात नुसताच पंखा फिरत होता. बऱ्याच वेळाने एक पुरुषी आवाज म्हणाला, "परत सांग."

काकूंनी आवाज ओळखला. ते चौथ्या मजल्यावरचे, बायको गेल्यावर मुलीकडे डोंबिवलीला गेलेले. तेव्हापासून ते चाळीतल्या कुणाचा फोन घेत नव्हते. मी लॅपटॉपवर पाहिलं. माझ्या नव्या नंबरवर उलट फोन केला तरी काकूंचाच निरोप वाजत असे, आणि त्यांनी तो पुन्हा पुन्हा केला होता.

"त्याका खराखुरा फोन लाव," काकू म्हणाल्या.

मी त्याच नव्या नंबरवरून लावला. पलीकडून "हॅलो" आल्याबरोबर काकू गॅलरीतल्या आवाजात म्हणाल्या, "मेल्या, परत सांग काय? किती वेळा सांगू?"

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला. मग ते हसले. मोबाइलच्या बाहेरही स्पष्ट ऐकू आलं. "वहिनी, खरंच तुम्ही? मला वाटलं मशीन आहे."

"आता मशीन नाय. रविवारी येतंस मां?"

"येतो."

त्या रात्री मी उलट येणारे कॉल सरळ काकूंच्या फोनला जोडून दिले. लायब्ररीत त्यासाठी एक ओळ पुरते. त्यानंतर काकूंची दुपारची मालिका बुडू लागली, पण तक्रार आली नाही.

रविवारी दादरच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. बिल्डरचा माणूस मोजकीच मंडळी येतील असं धरून आला होता, तो दारातच घोटाळला. आराखड्यात स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, ती मागून घेतली. तीही आधी बायकांनी मागितली आणि मग पुरुषांनी माना डोलावल्या. ग्रुपवर सावधान म्हणणारे बँकवाले काका माझ्या शेजारीच बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "नंबर बदललास ते बरं केलंस."

डोंबिवलीचे काका मुलीला घेऊन आले होते. काकू स्टेजजवळून उठून त्यांच्याकडे गेल्या, तर ते चक्क उभे राहिले. वडापाव आला. काकूंच्या हातात तिखट चटणीचा द्रोण होता आणि त्या त्यांना सांगत होत्या, किती वाळलास, जेवतोस की नाही. ते निमूटपणे दुसरा वडा घेत होते.