पायाळूची कंबर

मंडळी, आज नगरला मालिश करून घेतली. कंबरदुखी जुनीच आहे, डॉक्टरांनीच पाठवलं होतं.

मालिशवाल्या बाईंनी विचारलं, "आजी, याआधी कुणी कंबर चोळली होती का?"

मी पायाळू, जन्मताना पाय आधी बाहेर आले. पायाळूचा पाय लागला की कंबरदुखी जाते, असं आमच्या जामखेडकडे मानतात. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही बाया सरकारी कामावर दिवसभर खडी फोडायचो. संध्याकाळी साऱ्याजणी माझ्यासमोर पालथ्या पडायच्या. "दे गं पाय, लई दुखतंय." मी एकेकीच्या कंबरेवर पाय द्यायचे.

खडी मीही फोडत होते. पण पायाळूचीही कंबर दुखते, हे कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

बाईंना म्हटलं, "न्हाई, तुमीच पयल्या."

तुमच्याकडे पायाळू कोण आहे? त्यांची कंबर कशी आहे, विचारलंय कधी?