पान्हा धरणारा

मी आज पदवीधर म्हणवून घेतो ते ज्यांच्यामुळे, ते आमचे फिटरमामा जगातली कुठलीही भानगड पाइपात बसवून दाखवीत. सख्खे मामा नव्हेत. राधानगरीकडच्या आमच्या गावात पूर्वी पाइपलाइन टाकायला आलेले फिटर. मला कोल्हापुरात कॉलेजला त्यांनीच आणले, सहा वर्षे स्वतःच्या घरी जेवू घातले. रस्ता विचारणाऱ्याला ते सांगत, "पावणं, हितनं सरळ जावा, मग डावीकडं एक एल्बो!" भाचीसाठी स्थळ बघायला गेले, तर मुलाकडे न बघता मोरीतला नळ पान्ह्याने ठोकून आले. म्हणाले, "वायसर बदलत न्हाईत. पोरगी द्यायची न्हाय!"

मी एम.ए.ला होतो त्या वर्षी रशियाचा गॅस पश्चिम युरोपात नेणारी पाइपलाइन पेपरात गाजत होती. अमेरिकेने तिच्या यंत्रसामग्रीवर बंदी घातली होती. मामांनी आपल्या वर्कशॉपच्या फरशीवर खडूने सगळा युरोप काढला. जर्मनी जरा करवीर तालुक्यासारखा आला.

"ह्यात दोन भानगडी. एक धंद्याची. पाइप आली की दुसऱ्याचं गिऱ्हाईक तुटलं. दुसरी धाकाची. कॉक ज्येच्या हातात, त्येच्या म्होरं सगळ्यांच्या माना खाली. बंदीनं भागलं न्हाय, तर कुणीतरी जोड ढिला करतंय की!"

मी हादरलो. "एवढी मोठी राष्ट्रं असं करतील?"

"मोठी हायत म्हणूनच. ल्हान माणूस शिवी देऊन गप बसतंय."

यावरच मी एम.ए.चा निबंध लिहिला. सरांनी वर्गात वाचून दाखवला. संध्याकाळी मी तो मोठ्या अभिमानाने मामांना वाचून दाखवला. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"सगळी हायती रं ह्यात. मालक, सरकार, गिऱ्हाईक. पान्हा धरणारा कुठाय?"

"तो कोण?"

"तुमच्या गावात मी हुतो."

आमच्याकडे नदीवर ज्याचे इंजिन, तो शेताला पाणी देई आणि बदल्यात उसाचा चौथा वाटा नेई. त्यातून सुटायला गावाने संस्था काढून पाइप टाकली. पहिल्याच दाबाला ती उखडली, संस्था बुडाली आणि आमचे दादा, म्हणजे वडील, दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर चुलवणात जाळ घालू लागले. पाइपच हलकी होती, असे गाव आजही मानते.

"जोडाची रबरं मी कापून बसवलीती. इंजिनवाल्यानं सांगिटलं. तालुक्यातली निम्मी कामं मला त्येच्या शब्दावर मिळायची."

"म्हणून मला शिकवलंत?"

"व्हय."

ताट वाढलेले होते. मी न जेवता निघालो. गावी आल्यावर पंधरा दिवस मला काही सुचेना. ज्या हातांनी मला वाढले, त्याच हातांनी दादांचा ऊस वाळवला होता. शेवटी पत्र लिहिले :

'तीर्थस्वरूप मामांस, साष्टांग नमस्कार.

दादांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "माझ्या पोराला सांगिटलं, मला का न्हाय?" माझा राग गेलेला नाही. गेला असे लिहिले, तर ते खोटे होईल. निबंधात पान्हा धरणाऱ्यावर एक पान वाढवले आहे, नाव घातलेले नाही. गावातही कुणाला बोललेलो नाही. ते बोलायचे की नाही, हे दादा ठरवतील.

रविवारी ते घरी आहेत. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने या. मी थांब्यावर उभा राहीन. घरापर्यंत एकट्याने चालत येणे तुम्हाला जड जाईल.'