नेलपॉलिशखालची पेन्सिल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही, आणि आता ऐकायला ती नाही. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडायची हिंमत अजूनही नाही.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास वेंगुर्ल्याच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आहे अजून, आता मोबाईलच जास्त येतात. उमेश माझ्या वाडीतला, शाळेपासूनचा दोस्त. लग्नांची व्हिडिओ शूटिंग करायचा आणि घरी एडिटिंग. मशीन हळू, गिऱ्हाइकं घाईची. माझ्याकडे येऊन म्हणाला, याला जरा पळव.

पळवणं मला जमत होतं. प्रोसेसर ठरलेल्या वेगाच्या वर न्यायचा. पण वर नेला की तो मध्येच अडकायचा, कारण वाढीव वेगाला वाढीव व्होल्टेज लागतं, आणि उमेशच्या मदरबोर्डात ते वाढवायची सोयच नव्हती. मग मी साधी शिसपेन्सिल घेतली. प्रोसेसरला व्होल्टेज देणाऱ्या चिपच्या बाजूला तिळाएवढा एक रेझिस्टर असतो. त्यावर पेन्सिल घासली की त्याचा रोध उतरतो आणि चिप फसते — तिला वाटतं व्होल्टेज कमी पडतंय, ती आणखी सोडते. मीटर लावून, एकेक रेघ मारत, मी ते हवं तिथे आणलं. आमच्या खाऱ्या हवेत शिशाची भुकटी ओल धरते आणि आकडा हलत राहतो, म्हणून वरून नेलपॉलिशचा हात दिला. ही माझी स्वतःची युक्ती. अभिमान होता मला तिचा.

उमेश बघत होता. "काय रे दिग्या, बोर्डाक नटयतंस? थोडा तुझ्या व्हकलेक ठेव!"

व्हकल म्हणजे नवरी. तेव्हा मीही हसलो. माझ्या लग्नाचं चाललंच होतं.

शिरोड्याची मुलगी होती. एकदाच भेटलो, तिच्या घरच्या पडवीत. तिने विचारलं, दुकानात दुसरी खुर्ची आहे का? मी आहे म्हणालो. नव्हती. दुसऱ्या दिवशी आणली.

मग एका दुपारी तिचे मामा दुकानात आले, उभ्याउभ्याच. लहानपणी मला फिट यायची हे खरं का, एवढंच विचारलं. खरंच होतं. दोनदा आली होती, मग कधीच नाही. एकदा घरात, एकदा वाळूवर. तेव्हा माझं डोकं मांडीवर घेऊन उमेश बसला होता. आई सोडली तर ते ठाऊक असलेला माणूस एकच. स्थळ मोडलं तसं मी त्याला विचारलं. त्याने लपवलं नाही.

"इचारल्यानी, म्हणान सांगलंय. खोटा कित्याक बोलू?" आणि मग, खांद्यावर थाप मारून — "सोड रे. पोरींचो काय दुकाळ पडलो हा?"

त्याचं चुकलं का? मी स्वतः तिच्या घरी ते बोललो नव्हतो. मी लपवलं, तो खरं बोलला. हे मला तेव्हाही कळत होतं. पण ती थाप — ती थाप मला आजही खांद्यावर जाणवते. भांडलो असतो तर कदाचित तिथेच संपलं असतं. मी भांडलो नाही. मी त्याला चहा मागवला.

लग्नसराई तोंडावर आली तसा तो मशीन घेऊन आला, आणखी थोडं पळव म्हणून. माझ्या समोरच बसला, त्याच दुसऱ्या खुर्चीवर, पाय पसरून. जुनं नेलपॉलिश मी खरवडलं. पेन्सिल घेतली. मीटर लावलाच नाही. घासत राहिलो. रेझिस्टर चमकायला लागला तरी घासत होतो, आणि तो मला कुणाच्यातरी वरातीतली गंमत सांगत होता. मग वरून नेलपॉलिश दिलं, जाडसर, म्हणजे कुणी पुसू म्हटलं तरी पुसलं जाऊ नये. मशीन लगेच जळायला मला नको होतं. भर सराईत, कामं अंगावर असताना जळायला हवं होतं. त्याचा पॉवर सप्लाय हलका आहे, जाताना तो हार्ड डिस्कही घेऊन जाईल, हे मला माहीत होतं का? होतं.

आणि त्या डिस्कवर काय आहे, तेही.

उमेशचे वडील, आबा, गावचं गाऱ्हाणं घालायचे. रवळनाथाच्या देवळात सगळ्यांच्या वतीने ते देवाशी बोलायचे, आणि प्रत्येक मागण्याला बाकीचा गाव मागून म्हणायचा, "व्हय म्हाराजा." तसा आवाज पुन्हा झाला नाही. आदल्या वर्षीच्या जत्रेत उमेशने ते शूट केलं होतं. पुढच्या पावसात आबा गेले. टेप पुन्हा वापरायची आमच्याकडे सगळ्यांनाच सवय. कॉम्प्युटरवर उतरवून घेतलंय म्हणून उमेशने त्याच टेपवर दुसऱ्याचं लग्न शूट केलं. उतरवून मीच दिलं होतं. फोल्डरला 'आबा' नाव मीच घातलं होतं.

बोर्ड जळला. मला हवा तेव्हाच जळला. उमेश मशीन पाठीवर पोतं आणावं तसं घेऊन आला, ओठ सुकलेले. लग्नांचं त्याने काही काढलंच नाही. "आबांचा गाऱ्हाणा रे," एवढंच म्हणाला. मी डिस्क कानाशी धरली, हलवली, तज्ज्ञासारखा चेहरा केला. म्हणालो, गेली.

गेली नव्हती. जळली होती ती डिस्कच्या खालची हिरवी पट्टी, आतलं सगळं शाबूत. तशीच, त्याच बनावटीची एक डिस्क माझ्या मागच्या फळीवर पडून होती. तिची पट्टी काढून हिला लावली की काम झालं असतं. उमेशच्या डोक्यावरून मला ती फळी दिसत होती.  तो त्या खुर्चीवर बसून रडला — आबांच्या तेराव्यालाही न रडलेला माणूस — आणि मला बरं वाटलं. हेच सांगायला इतका वेळ लागला. मला बरं वाटलं.

डिस्क फेकून दे म्हणाला. मी ठेवली.

काही दिवसांनी, दुपारी बाजार सुस्तावला होता तेव्हा, शटर अर्धं ओढून मी पट्टी बदलली. आबा समोर आले. पांढरा सदरा, हातात नारळ. शेवटी ते नेहमी म्हणायचे ते त्यांचं स्वतःचं मागणं होतं, दुसऱ्या कुणी केलेलं मी ऐकलेलं नाही. "जो दर्यात आसा तेका किनारो दाखय. जो परमुलखात आसा तेका घराक परत हाड. आणि जो घरात ऱ्हवान एकटो आसा, तेच्या दाराक माणूस दी." आणि मग माझं नाव. आईने त्या वर्षी माझ्यासाठी नारळ ठेवला होता, मला पत्ताच नव्हता. "ह्या दिगंबराचा लगीन जुळू दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" — सगळ्यांत मोठा आवाज उमेशचा. कॅमेरा त्याच्याच हातात, माइक त्याच्या तोंडाशी.

मी ते मागे नेऊन परत ऐकलं. माझ्यासाठी देवाकडे इतक्या मोठ्याने मागणारा हाच का तो? तेव्हा तरी मला थांबता आलं असतं. चालत दहा पावलांवर त्याचं घर नव्हतं, पण सायकल होती. उलट राग जास्तच चढला. मी फोल्डर पुसला. मग सगळी डिस्क पुसली, वरून दुसरंच काहीतरी भरलं, परत पुसली. पुसून गेलेलं परत कसं आणतात हे मला माहीत होतं. म्हणून मी तेवढीही वाट ठेवली नाही.

मी लग्न केलं नाही. त्याचा दोष उमेशवर टाकत नाही, आणि टाकत नाही असंही म्हणवत नाही.

आता गाऱ्हाणं उमेश घालतो. आवाज बराचसा बापाचाच. दरवर्षी दर्याचं मागणं येतं, परमुलखाचं येतं, आणि मग तो थांबतो. नारळ हातात तसाच. "आबा फुडे कायतरी म्हणत..." असं पुटपुटत मागे वळून म्हाताऱ्यांकडे बघतो. म्हातारे एकमेकांकडे बघतात. कुणाला आठवत नाही. मग तो म्हणतो, सगळ्यांचा बरा कर.

मी त्याच्या मागे दुसऱ्या रांगेत असतो. व्हय म्हाराजा म्हणतो.