अब्बांचं अक्षर आणि आमचा जुना कॉम्प्युटर

लिनक्सवाल्या मित्रमैत्रिणींनो, आज दुपारी बीडात जे घडलं ते आधी तुम्हालाच सांगते.

माझे अब्बा आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवायचे. दोन वर्षांपासून त्यांचा हात थरथरतो, त्यामुळं ब्रश सुटला. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी विंडोज काढून लिनक्स टाकलं. अब्बांना माऊस धरता येईना, म्हणून आधी पत्त्यांचा गेम लावून दिला. महिनाभर ते पत्तेच लावत बसले!

मग चित्रं-अक्षरं काढायला इंकस्केप उघडून दिलं. त्यात रेघ वाकडी आली तरी नंतर ओढून नीट करता येते. हे कळल्यावर अब्बा खुर्चीवरून उठेचनात.

आज त्यांनी केलेली पहिली पाटी आम्ही छापायला नेली, एका मिठाईच्या दुकानाची. छापणारा म्हणाला, "लिनक्सवर केलंय? मग इथं न्हाई उघडायचं, ताई."

मी पीडीएफ करूनच नेली होती. लगेच उघडली. तो स्क्रीनकडं बघतच राहिला.

"हा फॉन्ट कोणता हाय? लई भारी हाय. मला पण द्या की."

मागं बसलेले अब्बा उठून पुढं आले. "फॉन्ट न्हाई, बाबा. अक्षर माझं हाय."

इतक्या ताठ मानेनं बोलताना मी त्यांना दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

आता मला सांगा, लिनक्सवर फॉन्ट बनवायला सोपं सॉफ्टवेअर कोणतं? अब्बांच्या अक्षराचा फॉन्ट करायचाय, आणि त्याला नाव त्यांचंच द्यायचंय.