सुभेदारांचे पाऊल

आमच्या शेजारचे सुभेदार शेलार कोथिंबीर आणायलाही पावले मोजत जात. शंभर पावले झाली की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. सैन्यात असताना, जिथे कुणी नकाशा केला नव्हता अशा बर्फाळ सीमेवर त्यांनी असेच अंतर मोजले होते. चिंचोके त्यांची बायको, आमच्या काकू, टपालाने पाठवत. "माझं पाऊल म्हणजे सरकारी माप," असे ते सांगत.

रहाटणीतली आमची गल्ली मोबाइलच्या नकाशात नव्हती. तिथे नुसते हिरवे रान दिसे. काकूंना दमा. एकदा त्यांना धाप लागली आणि अ‍ॅम्ब्युलन्स बराच वेळ भलत्याच गल्ल्यांतून भोंगा वाजवत फिरली. दुसऱ्याच दिवशी सुभेदारांनी मोहीम काढली. पुढे ते, मागे वही आणि पाण्याची बाटली घेऊन मी.

गल्लीच्या टोकाला गोठा होता. तिथल्या सखूबाईंनी विचारले, "सुभेदार, कुठली लढाई हाय?"

"सर्वेक्षण आहे. म्हशी हलवू नका, खुणेच्या आहेत."

"आन् चरायला? नकाशात हायेत म्हनून उपाशी ठिवू व्हय?"

पावलांचे मीटर करून सुभेदारांनी देखणा नकाशा काढला आणि चौकातल्या पानटपरीवर लावला. महिन्याभरात काकूंना पुन्हा धाप लागली. अ‍ॅम्ब्युलन्सच्या चालकाने नकाशातले मीटर इमानाने पाळले, आमची घरे मागे टाकली आणि गाडी थेट गोठ्यात घातली. शेवटी सखूबाई त्याच्या शेजारी बसून वाट दाखवत आल्या. "सुभेदार, धरा तुमची गाडी! म्हशी बुजल्या माझ्या!"

काकू थोडक्यात वाचल्या. मी भीत भीत म्हणालो, "गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाऊल आखूड झालंय तुमचं, हिशेब मात्र जुन्याच पावलाचा." आतून काकू म्हणाल्या, "ऐका त्यांचं. सीमा राहू द्या, आधी घर सापडू द्या."

दोन दिवस ते कोथिंबीर आणायलाही बाहेर पडले नाहीत. तिसऱ्या सकाळी मोजपट्टी घेऊन दारात उभे. "दुसरं टोक धरा. आणि सखूबाईला कळता कामा नये."

नवा नकाशा अचूक निघाला. त्यानंतर दोनदा अ‍ॅम्ब्युलन्स आली, दोन्ही वेळा सरळ काकूंच्या दारात.

यंदा सुभेदारच गेले, झोपेत. सकाळी शववाहिका कुणालाही न विचारता फाटकाशी येऊन थांबली. मी चालकाला विचारले, "पत्ता सापडला?"

"चौकात नकाशा आहे की, साहेब."

काकूंनी ते ऐकले. डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, "आज जरा चुकला असता तरी चाललं असतं."