व्हॉल्व्हमधली गार हवा

काल स्कूटीच्या चाकातली हवा थोडी सोडताना बोटाला गारवा लागला आणि बाबा आठवले.

मी सहा वर्षांची, तापानं फणफणलेली. भर उन्हात आम्ही दोघं दवाखान्यातून चिकलठाण्याला घरी सायकलवर परतत होतो.

"बाबा, डोळे लई जळायलेत."

"थांब माय." त्यांनी उतरून पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह सैल केला, फुसफुसत्या हवेपुढं माझा तळहात धरला. तो गार हात मी डोळ्यांवर ठेवायचे, तापला की पुन्हा हवेपुढं.

आता कॉलेजात हेच शिकवते: कोंडलेली हवा सुटताना बाहेरच्या हवेला ढकलते, त्यासाठी स्वतःचीच ऊब खर्चते, म्हणून गार पडते.

चाक पार बसल्यावर बाबा मला कॅरिअरवर बसवून सायकल ढकलत घरापर्यंत चालले. मला वाटलं होतं, त्यांना चालायची हौस आहे.