काटेरी अळ्या

आज सकाळी गुलाबाच्या कळ्यांवर माव्याची हिरवी कीड दिसली, म्हणून फवारणीसाठी बादलीत तंबाखू भिजत घातली. तिचा उग्र वास नाकात गेला आणि शेजारच्या मळ्यातली गोदाकाकू आठवली.

तेव्हा घर चालवायला माझ्याकडे ते पन्नासेक गुलाबच होते. फुलं मी कारंजा गावच्या बाजारात विकायची. एके दिवशी घासाघीस करून मनासारखा भाव ठरवला, तोच बाजूला बसलेली काकू व्यापाऱ्याला म्हणाली, "कळ्या उलटून पाहून घ्या बाप्पा, मावा हाये." त्याने टोपली परत केली. भर बाजारात मी काकूला नाही नाही ते बोलले.

दुसऱ्या दिवशी तंबाखूचं पाणी फवारायच्या आधी मी रागारागाने किडी चिरडत होते. माव्यात काही काळ्या, काटेरी अळ्या फिरत होत्या. त्या जास्त भयंकर दिसत, म्हणून आधी त्याच मारत होते. तेवढ्यात काकूने येऊन माझं मनगट धरलं.

"यायले काहून मारून राह्यली वं? हे ढालकिड्याचे, त्या लाल ठिपकेवाल्या किड्याचे पिल्लं हायेत, मावा खातेत. तुह्यासारखेच काटेरी, पण कामाचे."

मी फवारलं नाही. आठवडाभरात कळ्या स्वच्छ झाल्या आणि माझा मळा तगला.

तिने माझा भाव पाडला, हे मी अजून विसरले नाही. पण आज फवारायच्या आधी पान उलटलं, तर खाली एक काळी अळी चालत होती. मी बादली नालीत रिकामी केली आणि त्या अळीला म्हटलं, "खा माय, पोटभर खा."